कोणाला विचारून?

(फोंडा तालुक्यातल्या एका गावात मानवी हक्क दिनाच्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आमंत्रण घेऊन आलेल्या मुलांनी विषय सांगितला, 'मानवी हक्कांच्या संरक्षणात कायद्याची आणि समाजाची भूमिका.' मी म्हटले, बाबांनो, एवढे लांब नाव फलकावर लिहिलेत तर निम्मे लोक चहा पिऊन घरची वाट धरतील. तरीही तुम्ही बसून आहात. तेव्हा एक आश्वासन आधीच देतो. चाळीस वर्षे मामलेदाराच्या कचेरीत आणि कोर्टात हेलपाटे घातलेल्या माणसाकडे व्याख्या थोड्या असतात आणि भानगडी जास्त. आज भानगडीच सांगणार आहे.

व्याख्या एकच सांगतो, तीही माझ्या आजोबांमुळे मिळालेली. आजोबा मुंडकार. समोर शाळेतली मुले दिसताहेत म्हणून सांगतो, मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर बांधून राहणारा. भिंती आपल्या, माती त्याची. त्याच्या बदल्यात माडांची राखण करायची, नारळ पाडणारा पाडेली आला की नारळ गोळा करून खळ्यात नेऊन टाकायचे, आणि भाटकाराकडे लग्न असो, गणपतीची चवथ असो, मरण असो, बोलावण्याची वाट न बघता हजर व्हायचे. आमच्या घराला पश्चिमेची खिडकी नव्हती. मागच्या खोलीत आजी चुलीपुढे धुराने बेजार व्हायची. आजोबांनी एका उन्हाळ्यात पहार घेतली आणि भिंतीला खिडकीपुरते भगदाड पाडले. पोर्तुगीज अमलातली गोष्ट, माझ्या जन्माच्या आधीची. संध्याकाळपर्यंत भाटकाराचा माणूस अंगणात उभा. त्याने विचारले, "कोणाक विचारून?"

एवढेच. ना आवाज चढवला, ना हात उगारला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी चिखल-दगडांनी ते भगदाड बुजवले. भिंतीवरचा तो वेगळ्या रंगाचा चौकोन मी लहानपणभर पाहिला आहे.

पुढे कायदा शिकायला गेलो, जाडजूड पुस्तके वाचली. पण मानवी हक्क म्हणजे काय, हे मला त्या चौकोनाइतके कोणी नीट समजावले नाही. जी गोष्ट करताना 'कोणाला विचारून?' असे विचारायचा अधिकार दुसऱ्या कोणालाच नसतो, ती गोष्ट म्हणजे तुमचा हक्क. विचारून मिळते ती परवानगी. परवानगी देणारा चांगला असला, दिलदार असला, तरी ती परवानगीच.

आज १० डिसेंबर. १९४८ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती, ती बदलून 'सर्व मानव' असे लिहायला लावले ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी. त्या दिवशी दिल्लीत आपली घटना लिहिली जात होती. आणि गोव्यात? गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य लष्करी न्यायालयाने दिलेली आठ वर्षांची शिक्षा पोर्तुगालात भोगत होते. गुन्हा काय, तर ते बोलले आणि त्यांनी लिहिले.

पोर्तुगालच्या १९३३ च्या राज्यघटनेत नागरिकांच्या स्वातंत्र्यांची यादी होती बरे का. विचार मांडण्याचे स्वातंत्र्यही त्यात होते. फक्त खाली एक ओळ होती की, या स्वातंत्र्याचा वापर कसा करायचा ते खास कायद्यांनी ठरवले जाईल. आणि त्या खास कायद्यांनी असे ठरवले की सभेला परवानगी हवी आणि वर्तमानपत्राच्या मजकुरावर सेन्सॉरची नजर हवी. लग्नाची आमंत्रणपत्रिका छापायची तरी ती आधी दाखवून आणायची, असे जुनी माणसे सांगत. म्हणजे कागदावर हक्क, व्यवहारात परवानगी. वकिली धंद्यात एक गोष्ट लवकर कळते, कायदा वाचताना पहिली ओळ भक्तिभावाने वाचावी आणि 'परंतु'पासून पुढे चष्मा लावून वाचावे.

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया सभेला उभे राहिले ते नेमके एवढ्याचसाठी. ते आले होते असोळण्याला, ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे, प्रकृतीला आराम म्हणून. भेटायला येणाऱ्यांनी सांगितले की इथे तोंड उघडायची चोरी आहे, आणि मग कसला आराम! त्या दिवशी पाऊस कोसळत होता. अधिकाऱ्याने पिस्तूल काढले, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, असे सांगतात. भाषण पूर्ण झालेच नाही, त्यांना पकडून नेले. पण लोक जमले होते. सभा झाली ती कोणालाही न विचारता, आणि गोव्याच्या दृष्टीने त्यातच सगळे आले. आपण दर १८ जूनला, क्रांतिदिनाला, हुतात्म्यांना फुले वाहतो ते योग्यच, पण त्या दिवशीची मागणी स्वातंत्र्याच्याही आधीची होती. आम्हाला बोलू द्या, एकत्र जमू द्या, एवढीच.

पुढे १९ डिसेंबर १९६१. मुक्ती. भारताची घटना आपल्याला लागू झाली, कलम १४ ची समानता, १९ ची स्वातंत्र्ये, २१ चा जगण्याचा हक्क. भाटकाराच्या दारातली पायरी मात्र होती तिथेच होती.

सगळे भाटकार दुष्ट होते असे मी म्हणत नाही. आमच्या भाटकाराने माझ्या काकाच्या शाळेची पुस्तके घेऊन दिली होती, आजी आजारी पडली तेव्हा डॉक्टरचे पैसे भरले होते. आणि खरी मेख तिथेच होती. १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला. त्याआधी १९६४ चा कूळ कायदा होता, १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला शेताचा मालक केले. मुंडकार कायद्याने सांगितले, या माणसाला घरातून काढता येणार नाही. त्याला घर दुरुस्त करता येईल, वीज-पाणी घेता येईल, आणि हवे तर पंचायत क्षेत्रात घराभोवतालची पाच मीटर जागा किंवा एकूण तीनशे चौरस मीटर विकत घेता येईल. मामलेदाराकडे अर्ज करायचा. मी तेव्हा कॉलेजात. कायद्याची प्रत मिळवून धावत घरी आलो आणि आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे भाटकाराला ठाऊक आहे?"

अर्ज त्यांनी केला नाही. मरेपर्यंत केला नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर केस कशी घालायची, हा त्यांचा प्रश्न. 'केस घालणे' हेच शब्द. सरकारने दिलेल्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज करणे हे त्यांच्या लेखी भाटकारावर केस घालणे होते. मला तेव्हा संताप आला होता. आज येत नाही. गावात राहायचे म्हणजे उद्या मयताला चार खांदे लागतात, देवळाच्या उत्सवात आपला मान असतो, मुलीच्या सोयरिकीची चौकशी भाटकाराकडेच होते. कायदा मामलेदाराच्या कचेरीत राहतो, माणूस वाड्यावर, म्हणजे वस्तीत, राहतो. कचेरी संध्याकाळी बंद होते, वाडा बंद होत नाही.

शेवटी अर्ज वडिलांनी केला, आजोबा गेल्यावर. मी नुकता वकील झालो होतो. माझे पहिले प्रकरण आमच्याच घराचे. आता गंमत ऐका. मुंडकाराच्या व्याख्येतून कायद्याने काही लोक वगळले आहेत. भाडे देणारा मुंडकार नव्हे, आणि मालकाच्या आवारात राहणारा पगारी नोकर किंवा राखणदारही नव्हे. समोरच्या वकिलाने काय मांडावे? हा माणूस नारळांची राखण करत होता, कापणीला त्याला भात मिळत होते, म्हणजे हा पगारी राखणदार! तीन पिढ्या जे फुकट राबवून घेतले, तोच आमच्याविरुद्ध पुरावा. वकील हुशार होता, पुढे माझा चांगला मित्र झाला.

अकरा वर्षे लागली. मामलेदार किती बदलले ते मोजायचे सोडून दिले. एक बदलून जाई, दुसरा फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेई. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात आमच्या घराची नोंद होती म्हणून तरलो. ज्यांच्या घराची नोंदच सर्व्हेच्या वेळी केली गेली नाही, त्यांचे हाल विचारू नका. सर्व्हेवाले आले तेव्हा नोंद का केली नाही, असे अशा घरात विचारले की उत्तर ठरलेले असते, "भाटकार सोबत उभे होते, त्यांच्यादेखत कसे बोलणार?"

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ च्या जानेवारीत पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले होते. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. समाजाला हक्क मान्य असले तर ते सुरक्षित राहतात, समाजाचाच विरोध असला तर कायदा, संसद, न्यायालय यांतले कोणीही त्यांची खऱ्या अर्थाने हमी देऊ शकत नाही. घटना लिहायला बसण्याच्या काही वर्षे आधी हे तेच म्हणाले होते, हे ध्यानात घ्या. कायद्यावर विश्वास नसलेला माणूस हे बोलत नव्हता. कायदा कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो हे जवळून पाहिलेला माणूस बोलत होता.

आता बायकांकडे वळू. पुरुषमंडळींनी खुर्च्या हलवायची गरज नाही, बसा.

गोव्याच्या नागरी कायद्याचे गोडवे देशभर गातात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, आपल्याकडे १८७० पासून लागू. पोर्तुगालने स्वतः ती १९६६ साली बदलली, आपण १९६२ च्या कायद्याने चालू ठेवलेली होती, ती चालूच राहिली. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका निकालात समान नागरी कायद्याचे झळझळीत उदाहरण म्हणून गोव्याकडे बोट दाखवले. आणि मजकूर खरोखर चांगला आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे. बापाने मृत्युपत्र केले तरी मुलांसाठी राखून ठेवलेल्या अर्ध्या हिश्शाला तो हात लावू शकत नाही. बाकीच्या देशात, काही राज्ये सोडली तर, हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळायला २००५ साल उजाडले.

याच कायद्याच्या पोटात १८८० ची एक संहिताही होती, इथल्या हिंदूंच्या चालीरीतींची. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा त्यात होती. समान म्हणतात त्या कायद्याच्या घडीत असल्या सुरकुत्या असतात. त्या मुद्द्यावर मी फार थांबत नाही, कारण असली लग्ने माझ्या पाहण्यात नाहीत. माझ्या पाहण्यात आहे ते वेगळेच, आणि ते रोज घडते.

वडील वारतात. या कायद्यात जिवंत माणसाच्या वारसाहक्कावर पाणी सोडता येत नाही, म्हणून सगळे मृत्यूनंतर करावे लागते. बारावे-तेरावे होते, पाहुणे पांगतात, आणि वर्षश्राद्धाच्या आत कधीतरी भाऊ बहिणीला फोन करतो. "कागद करायचेत, एक दिवस ये." लग्न झालेली बहीण असेल तर तिच्या नवऱ्याचीही सही लागते, कारण मालमत्ता सामाईक. म्हणजे पोर्तुगीज कायदेपंडितांनी बाईच्या हक्काला दोन कुलुपे घातली होती. आपण दोन्ही किल्ल्या जेवणाच्या ताटावर मागून घेतो. सुग्रास जेवण असते, सोलकढी असते, जावयाला आग्रह असतो. दुसऱ्या दिवशी नोटरीच्या बाकावर बहीण बसते आणि हक्कसोड करून जाते. कोणी धमकावलेले नसते. कोणी फसवलेलेही नसते. मी पुष्कळ बहिणींना विचारले आहे, "बाई, काय सोडते आहेस ते कळते ना?" त्या म्हणतात, कळते. हिस्सा घेतला तर माहेर तुटेल, हेही कळते. चवथीला कुठे जायचे?

या जागी कायदा हतबल असतो. त्याने हक्क दिला, दस्तऐवज नोंदवला, वयाचा दाखला पाहिला, साक्षीदार पाहिले. सही स्वखुशीची. आता स्वखुशीची चौकशी तो कशी करणार? भाटकाराच्या माणसाला जो प्रश्न तोंडाने विचारावा लागला, तो इथे कोणी विचारतच नाही. बहीण स्वतःच स्वतःला विचारते.

लग्ननोंदणीतही असेच. आपल्याकडे नागरी नोंदणीत सह्या दोनदा होतात. आधी उपनिबंधकापुढे इच्छा नोंदवायची, मग काही दिवस सूचना लागते, मग दुसरी सही, तेव्हा लग्न. किती घरांत पहिल्या सहीलाच 'रजिस्टर झाले' म्हणतात! मुहूर्तावर लग्न लागते, जेवणावळ उठते, आणि दुसरी सही राहून जाते. मुलगा बोटीवर निघून गेला, पुढे बिनसले, मुलगी माझ्याकडे आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र, अल्बममध्ये चारशे फोटो, आणि कायद्याच्या दृष्टीने ती अविवाहित. इथे मात्र मी समाजाला एकट्याला दोष देत नाही. ज्या भाषेत ती मुलगी जेवते-झोपते त्या भाषेत तिला हे कोणी सांगितले नव्हते. हे भाषेचे प्रकरण मी पुढे नेत नाही, गोव्यात व्यासपीठावरून भाषेचा विषय निघाला की सभा मध्यरात्रीपर्यंत चालते.

गांवकारीचे नाव तर घ्यायलाच हवे. गावाची जमीन गावाने मिळून सांभाळायची, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही संस्था, तिचा आपल्याला कोण अभिमान. मलाही आहे. पण गांवकार होतो तो मुलगा. मुलगी होत नाही.

एवढे ऐकून वाटेल की समाज हा नेहमी ब्रेकच लावतो. तसे नाही. याच तालुक्यातले उदाहरण घ्या. आपल्या देवळांच्या भोवती पिढ्यान्पिढ्या कलावंतिणी, भाविणी, देवळी असे लोक राहिले. मुलीला देवाला वाहायची, तिच्या पोटच्या मुलांना बापाचे नाव नाही, आणि त्यांच्याकडून सेवा मात्र परंपरेने घ्यायची. या समाजातल्याच माणसांनी, राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी, गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून चळवळ उभारली. मुली वाहायच्या नाहीत, लग्ने लावायची, शाळेत घालायचे. जुनी नावे टाकून गोमंतक मराठा समाज हे नाव घेतले. हे त्यांनी ना देवळाच्या महाजनांना विचारून केले, ना सरकारला. लोकांनी नावे ठेवली, ती त्यांनी सोसली. आणि १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात विधानसभेसाठी पहिल्यांदा प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले, त्यातून जे पहिले मुख्यमंत्री झाले ते दयानंद बांदोडकर याच समाजातले. घटनेने मताचा हक्क एका दिवसात दिला. पण त्या मतातून उभा राहायला माणूस तयार लागतो, तो तयार करायला त्या समाजाला अर्धशतक खपावे लागले होते. दोन्ही नसते तर ते घडले नसते.

उलट बाजूही सांगतो. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर वेश्यावस्ती होती. २००४ च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, सरकारने ती जमीनदोस्त केली. उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार होता, आणि त्या बायकांना नरकातून सोडवायचे, हा हेतू सगळ्यांच्या तोंडी होता. न्यायालयाने पुनर्वसनही सांगितले होते. पण बुलडोझर वेळेवर येतो, पुनर्वसन बैठकीत अडकते. आपल्यापैकी अनेकांनी, मीही त्यात आलो, तेव्हा 'बरे झाले, किनारा स्वच्छ झाला' असे म्हटले. त्या बायका कुठे गेल्या, हे विचारायला आपल्याला वेळ नव्हता. बहुतेक परराज्यातल्या होत्या ना! 'भायल्या' माणसाचे हक्क मोजताना आपली तागडी जरा हलकी होते.

भायले या शब्दावर जरा थांबतो, कारण हल्ली तो चहाच्या गाड्यावर फार ऐकू येतो. गोव्याची जमीन बाहेरचे धनाढ्य लोक घेतात ही तक्रार खरी आहे, मीही ती करतो. पण राग निघतो तो जमीन घेणाऱ्यावर नाही, त्या जमिनीवर सिमेंटच्या पाट्या उचलणाऱ्यावर. रात्री कुठे चोरी झाली की मजुरांच्या खोल्यांवर पोलीस जातात, आणि वाड्यावरच्या कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात, डी. के. बसू खटल्यात, अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा मेमो तिथेच करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, पकडलेल्याचीही सही घ्यायची, घरी कळवायचे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन तर घटनेतच आहे. आता सांगा, रात्री अकरा वाजता परप्रांतीय मजुराच्या मेमोवर साक्षीला कोणता प्रतिष्ठित माणूस उठून येतो? न्यायालयाने दिल्लीत बसून तुमच्या-माझ्यासाठी त्या नियमात एक जागा मोकळी ठेवली आहे. ती मी तरी बहुधा रिकामीच पाहिली आहे. आणि आपले तारवटी बोटीबोटींवर आहेत, आपली पोरे आखातात आहेत, इंग्लंडातल्या स्विंडनला तर गोंयकारांची मोठी वस्तीच आहे. तिथे भायले कोण?

मानवी हक्क आयोगाबद्दल बोला असे मुलांनी बजावले आहे. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग झाला, राज्यांना आपापले आयोग करायची मुभा मिळाली, गोव्यातही आहे. तक्रारीला वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. आयोग चौकशी करतो, शिफारस करतो. शिफारस, हुकूम नव्हे. त्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. पण माझ्याकडे येणारी माणसे शिफारशीच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. कायद्यात एक कलम आहे, घटना घडल्यापासून एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. माणसे दीड-दोन वर्षांनी येतात. इतके दिवस काय करत होता, असे विचारले की यादी ऐका. आधी पंचाला विचारले. मग सरपंचाला. मग आमदाराच्या घरी तीन खेपा. त्याने 'बघतो' म्हटले म्हणून सहा महिने गप्प. मग कोणीतरी सुचवले, देवाला कौल लावून बघ. देवाने उजवा दिला तेव्हा वकिलाकडे आले. मी देवाला नमस्कार करणारा माणूस आहे, कौलाची थट्टा करत नाही. पण मुदतीच्या कायद्यात कौलाचे दिवस वजा होत नाहीत.

बायकांना तर फुकट वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अटच नाही. ही माहिती मी गावोगाव देतो. शिबिर संपल्यावर दोघी-तिघी जवळ येतात, हळूच पत्ता लिहून घेतात, आणि जाताना म्हणतात, "घरी विचारून येते."

आता शेवटची भानगड सांगून थांबतो. ही इतके दिवस कुठे बोललो नव्हतो.

ज्या घरासाठी अकरा वर्षे भांडलो, ते वडिलांच्या नावावर झाले. आजोबांनी बुजवलेली खिडकी आम्ही उघडली, मोठी केली, गज बसवले. काही वर्षांनी वडील वारले. आम्ही दोघे, मी आणि धाकटी बहीण. तिचे लग्न झालेले, सासरी बरे चालले होते. कागद करायचे होते. मसुदा मीच केला. दुसऱ्या वकिलाला कशाला पैसे द्यायचे? ती आणि तिचा नवरा सकाळच्या बसने आले. मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि वाचायला घेतला तर ती म्हणाली, "तूं वकील, तूं जाणा. सही खंय करूं तितलें सांग." मी बोट ठेवून जागा दाखवली. दुसऱ्यांच्या बहिणींना 'काय सोडते आहेस ते कळते ना?' असे विचारणारा मी, तो प्रश्न त्या दिवशी मला सुचला नाही. सुचला असता तर विचारला असता का, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

ती दर चवथीला येते. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला तिचाच हात लागतो, तिच्यासारखी माटोळी आमच्याकडे कोणाला जमत नाही. गेल्या चवथीला निघताना ती परसात गेली. आजीच्या हातची अबोलीची झाडे अजून आहेत तिथे. बराच वेळ वाकून बघत राहिली, मग आत आली आणि मला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "दोन रोपे व्हरूं (नेऊ का)? चलता न्ही?"

मी म्हटले, "अगे, व्हर गो, विचारतेस काय?"